एक जूनचे तीन वाढदिवस

१७ मे २०२६, रविवार

आज वहिनीने फोडणी देता देता सांगितलं की दादाला चाकणला, त्याच्या कंपनीजवळ, खोली मिळाली. चार जूनला ती मुलांना घेऊन जाणार. सम्यकचं नाव तिथल्या शाळेत तिसरीत घातलंय, मैत्रीचं बालवाडीत. ऐकून मला आनंद झाला. मुलांना वडील रोज दिसावेत, हे योग्यच आहे. तसं मी वहिनीला बोललेही. वहिनी "व्हय" म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली. मिरचीचा ठसका लागला असावा.

मग मला सम्यकला दिलेला शब्द आठवला. मी पदवीधर झाले (आमच्या घरात पहिलीच) आणि सिडकोतल्या लॅबमध्ये नोंदणीच्या टेबलावर नोकरी लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "आत्या, पहिल्या पगारात जालना रोडच्या अनलिमिटेड जेवणाच्या हॉटेलात नेशील?" मी हो म्हटलं. पहिल्या पगारात बाबांचा चष्मा झाला, दुसऱ्यात आजीची कवळी, तिसऱ्यात पंखा. दर रविवारी विहारात मी वस्तीतल्या मुलांना पंचशील समजावते. चौथं शील, खोटं न बोलणं. आणि घरातल्या मुलाला दिलेला शब्द तीन महिने तसाच पडून.

चार जूनच्या आत जायचं, सगळ्यांनी जायचं. ठरलं.

१९ मे, मंगळवार

लॅबमधून सुटल्यावर हॉटेल पाहून आले. नाव 'तृप्ती'. आत जायचं नव्हतं, नुसता बोर्ड वाचायचा होता. पण बोर्ड मोठा आणि मी वहीत उतरवून घेत होते, तेव्हा आतून काळं जाकीट घातलेला एक जण बाहेर आला. छातीवर 'शिवराज, कॅप्टन' अशी पट्टी.

"मॅडम, फूडवाल्या खात्यातून आल्या का?"

मी म्हटलं, "नाही. जेवायला येणार आहोत."

"मग लिहून कामून घ्यायलात? पेपर हाय का?"

तो सिल्लोडचा निघाला. माणूस सरळ आहे. त्याने सांगितलं ते असं: सोमवार ते गुरुवार दुपारी सगळ्यात स्वस्त, माणशी चारशे नव्व्याण्णव. पाच वर्षांखालचं मूल फुकट. पाच ते दहा, अर्धे पैसे. कोल्ड्रिंकचे वेगळे. ताटात टाकलं तर शंभर रुपये दंड. साडेतीनला बंद.

आम्ही सात जण. आजी, आई, बाबा, वहिनी, मी, सम्यक आणि मैत्री. मैत्री नऊ जूनला पाच पूर्ण करते, म्हणजे आठवडाभराने वाचतो आहोत. तरीही मी बाजूला काढलेल्या दोन हजारांत बसत नाही.

२० मे, बुधवार

रात्री जेवताना विषय काढला. आजी म्हणाली, "पाचशे रुपड्यात मी महिनाभर जेवते, अन् तू एका दुपारचं सांगती व्हय?"

आईला मात्र कल्पना आवडली. फक्त तिची पद्धत वेगळी. "मैत्रीला चारची सांग. सम्यकलाबी चारचाच सांग."

"आई, तो आठ वर्षांचा आहे. त्याचे पुढचे दात पडून नवे आलेत."

"तोंड उघडू नको म्हणावं."

"आपण त्याला जेवायलाच नेतोय ना?"

बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी त्यांना शांतपणे सांगितलं की खोटं बोलून वाचवलेला पैसा मला नको आहे. काटकसर ही बुद्धीने करायची गोष्ट आहे. आई म्हणाली, "मंग कर बुद्धीनं. शिकलीस कशाला!"

विचार करते आहे.

२३ मे, शनिवार

सापडलं!

आज लॅबमध्ये सकाळपासून रक्त द्यायला सव्वीस जण आले. मी प्रत्येकाचं आधार कार्ड बघून जन्मतारीख भरते. त्यांतल्या अकरा जणांची तारीख एक जून. मला यात नवल नाही. पूर्वी पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्याकडे बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख एक जून टाकायचे, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर बसतं. आपल्याकडे पन्नाशीच्या पुढचा निम्मा जिल्हा एक जूनचा आहे.

पण आज टंकता टंकता हात थांबला. 'तृप्ती'च्या बोर्डावर खाली बारीक अक्षरात होतं: 'वाढदिवस तुमचा, जेवण आमचं. आधार कार्ड दाखवा, वाढदिवसाच्या दिवशी फुकट जेवा.'

बाबांची तारीख एक जून. आई चौथीपर्यंत शिकली, तिचीही एक जून. आजी शाळेत गेलीच नाही, पण आधारच्या कॅम्पात विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "घरातल्या सगळ्याची एकच ठेवा, ध्यानात राहती."

यंदा एक जून सोमवारी आहे. दुपारचा स्वस्त दर!

म्हणजे आमच्यापैकी पैसे फक्त वहिनीचे, माझे आणि अर्धे सम्यकचे. वहिनीचा आणि माझा जन्म दवाखान्यातला, आमच्या तारखा खऱ्या. खऱ्या तारखेचा काही उपयोग नाही, हे प्रथमच लक्षात आलं.

२४ मे, रविवार

रात्रभर मन खात होतं. विहारात मुलांपुढे चौथं शील म्हणताना आवाज बारीक झाला. घरी येऊन बाबांना विचारलं, "तुमचा जन्म एक जूनचा नाही, हे आपल्याला माहीत आहे. मग हे खोटं नाही का?"

बाबा बूट पुसत होते, दुसऱ्या पाळीला जायचं होतं. म्हणाले, "कंपनीनं मला त्याच तारखेवर घेतलं, त्याच तारखेवर काढणार. सरकारला चालती, मंग हाटेलाला कामून चालू नये?"

यावर मी पुष्कळ विचार केला आणि असा मार्ग काढला: आपण 'वाढदिवस आहे' असं तोंडाने म्हणायचं नाही. नुसतं कार्ड पुढे करायचं. कार्ड जे बोलेल ते बोलेल.

मैत्रीचा मात्र मूळ जन्मदाखला बरोबर नेणार. ती चार वर्षांची आहे हे शंभर टक्के खरं आहे आणि ते सिद्ध करायला मला आवडेल.

२७ मे, बुधवार

दंडाचा धोका मुलांकडून आहे. म्हणून आज सराव घेतला. इस्त्रीच्या टेबलावर पातेली मांडली: भात, वरण, कुरमुरे, शेंगदाणे, गुळाचे खडे. मुलांच्या हातात ताटल्या. नियम: आधी सगळं फिरून बघायचं. एका वेळी एकच चमचा घ्यायचा. संपवल्याशिवाय दुसरं नाही. पोट भात-पोळीने भरायचं नाही, ते घरी मिळतं.

सम्यकने नियम पाळले. मैत्रीने सगळा गूळ घेतला आणि टेबलाखाली गेली.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. आईही आली. मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. आईने विनाकारण वहिनीच्या खांद्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "लोणच्याच्या दोन बरण्या बांधून ठेवल्यात. अन् ज्वारीचं पीठ." मी म्हटलं, "आई, चाकणला पीठ मिळतं." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही वाईट बोलले.

आई कधी कधी अगदी अतार्किक वागते.

३१ मे, रविवार

सम्यकने काल रात्रीपासून खाणं सोडलंय. म्हणे जागा करतोय. मी त्याला समजावलं की उपाशी पोट आकसतं, त्यामुळे उलट कमी जातं. सकाळी मूठभर पोहे खाणं शास्त्रीय आहे. तो म्हणाला, "आत्या, तू तिथं मह्या शेजारी बसशील ना?"

"बसेन की."

"अन् मैत्री दुसऱ्या बाजूनं?"

"सगळे एकाच टेबलावर बसू."

"मंग खातो पोहे."

मैत्री 'वय किती' विचारलं की पाच बोटं दाखवते. पाच झाल्याशिवाय नवी शाळा घेणार नाही, असं कुणीतरी तिला सांगितलंय. दिवसभर तिला चार बोटं शिकवली. अंगठा मिटत नाही.

१ जून, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

साडेबाराला पोचलो. आजी नऊवारीत, बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात. बघते तर 'तृप्ती'च्या दारापासून पार्किंगपर्यंत रांग. धोतरं, टोप्या, फेटे, काठ्या. बिडकीनहून एक अख्खा टेम्पो आलेला. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड. हा हिशेब फक्त मलाच सुचला असेल, असं मला आठ दिवस वाटत होतं.

दारात मॅनेजर उभे होते. ते दिल्लीकडचे, इथे येऊन दोन महिने झालेले. कपाळावर घाम. "शिवराज, आज सबका बर्थडे कैसे है?"

"सर, मी बोललो होतो ना," शिवराज म्हणाला, "पहली जून को ऑफर मत रखो. तुम्ही म्हणले, एक दिन में कितने पैदा होते होंगे."

"पर इतने?"

"सर, अजून जालन्याची गाडी यायचीय."

मॅनेजरांनी आत जाऊन कुणाला तरी फोन केला आणि नवा नियम आणला: एका टेबलावर एकच वाढदिवस फुकट, आणि त्या टेबलावर पैसे देणारा निदान एक हवा. रांगेत एकच गलका झाला. मी गलका केला नाही. मी विचार केला. तीन वाढदिवस, पैसे देणारेही तीन. शिवराजला विचारलं, "अर्धे पैसे देणारा चालेल?"

त्याने मॅनेजरांना विचारलं. मॅनेजर म्हणाले, "जो भी देता है, बिठा दो."

जमलं! बाबा आणि मी एका टेबलावर. आई आणि वहिनी दुसऱ्या. आजी आणि सम्यक तिसऱ्या. एक पैसाही जास्त लागला नाही. मला माझा अभिमान वाटला.

मैत्रीची वेळ आली. शिवराजने वाकून विचारलं, "बेटा, वय किती?" तिने पाचही बोटं दाखवली.

"पाच? मग हाफ लागतंय."

मी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला जन्मदाखला काढला. शिवराज बघतच राहिला. "मॅडम, तीन वर्षं झाली या लाइनीत. जन्मदाखला घेऊन जेवायला आलेलं गिऱ्हाईक पहिलंच." मॅनेजरांनी दाखला उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरला, तारीख दोनदा वाचली, शेवटी "ठीक है" म्हणाले. आणि आजीचं कार्ड? ते त्यांनी न बघताच परत दिलं. जो कागद शंभर टक्के खरा, त्याच्यावरच एवढा संशय का, हे मला अजून कळलेलं नाही.

गर्दीमुळे तीन टेबलं तीन दिशांना मिळाली. आजी-सम्यक खिडकीशी, आई-वहिनी हात धुण्याच्या बेसिनजवळ, आम्ही स्वयंपाकघराच्या दाराला. हॉटेलची पोरं दर दोन मिनिटांनी मेणबत्ती लावलेला केकचा तुकडा घेऊन यायची आणि टाळ्या वाजवत गाणं म्हणायची. पहिल्या दहाजणांना नाव घेऊन म्हटलं. नंतर नुसतं "डिअर काका", "डिअर मावशी". आमच्या बाबांपर्यंत पोचेतो "डिअर सगळे" झालं होतं.

बाबा केककडे बघत बसले. आम्ही दोघं समोरासमोर असे कधी बसलो नव्हतो. ते म्हणाले, "पनीर चांगलंय." मी म्हटलं, "हो." तिकडे आई आणि वहिनी एकमेकींच्या ताटात वाढत होत्या. सम्यक आजीला ओरडून सांगत होता, "आजी, आधी फिरून बघ! एकच चमचा!" आजीने चॉकलेटच्या कारंज्याखाली कोबीची भजी धरली होती.

मैत्री एकटी तिन्ही टेबलांमध्ये फिरत होती. थोड्या वेळाने माझ्याजवळ आली.

"आत्या, आपलं भांडण झालं का?"

"नाही गं. का?"

"मंग आजी तिकडं कामून बसली?"

तिला कळेल अशा भाषेत मी सांगितलं. प्रत्येक टेबलावर एक वाढदिवसवाला आणि एक पैसेवाला. तिने बोटांवर मोजत ऐकलं. आजोबा, आत्या. आजी, मम्मी. मोठी आजी, सम्यकदादा.

"मंग मी कुणाच्या टेबलाची?"

"तू फुकट आहेस. तू कुठेही बस."

"म्हंजी मी कुणाचीच नाय?"

मी उठले. पर्समध्ये स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे पैसे वेगळे ठेवलेले होते. थेट गल्ल्यावर गेले आणि मॅनेजरांना म्हटलं, "सर, आमच्यात आज कुणाचाही वाढदिवस नाही. तारीख गुरुजींनी लिहिली आहे. सगळ्यांचे पूर्ण पैसे घ्या आणि आम्हाला एकत्र बसवा."

मॅनेजरांनी हात जोडले. "मॅडम, धीरे बोलिए."

उशीर झाला होता. शेजारच्या टेबलावरच्या फेटेवाल्या आजोबांनी मान वळवली. "ए बाई, तुला भरायचे तर भर. आमचं ताट कामून ओढती?" पलीकडून कुणी तरी म्हणालं, "शिकलेली दिसती." सगळा हॉल चमचे थांबवून माझ्याकडे बघत होता. सत्य बोलल्यावर इतकं एकटं वाटतं, हे विहारात मी मुलांना सांगितलेलं नाही.

तेवढ्यात आजी आली, हातात ताट तसंच. "काय झालं गं?"

"आजी, मी सांगितलं त्यांना. तुझा जन्म आजचा नाही ते."

"मह्या जन्माला तू होतीस?"

"नाही, पण..."

"मह्या मायला तारीख ठावं नव्हती. बापाला नव्हती. मलाबी नाय. तुला कोण सांगितलं की आज नाय म्हणून?"

आताही लिहिताना तपासून पाहते आहे. वर्षात तीनशे पासष्ट दिवस. त्यांतला एक नक्की आजीचा आहे. तो आजचा नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. तर्कशास्त्राच्या पेपरात मला एकाहत्तर गुण होते.

फेटेवाले आजोबा म्हणाले, "म्हातारी बरोबर बोलती!" हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "बिल बन चुके, मॅडम. अब कुछ नहीं बदलेगा. तीन टेबल मतलब तीन टेबल."

शिवराजने माझ्याकडे पाहिलं, मॅनेजरांकडे पाहिलं, आणि दोन पोरांना हाक मारली. खिडकीचं टेबल उचललं, बेसिनचं ओढलं, आमच्याला आणून टेकवलं. मध्ये फक्त बोटभर फट ठेवली. "सिस्टीमला तीन हायेत, सर," तो म्हणाला, "बसायला एक." मॅनेजर पाठ करून फोनवर बोलू लागले. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

मैत्री फटीवर बसली. दोन्हीकडे एक एक कोपर ठेवून.

मग आम्ही जेवलो. हिशेबाने बघितलं तर फार वाईट झालं. सम्यकने दोन दिवस जागा करून पाच पापड, वरणभात आणि तीन गुलाबजाम खाल्ले. वरणभात! मैत्रीने फक्त केक. वहिनी निम्मा वेळ मुलांची तोंडं पुसत होती. पण दंड झाला नाही, ताटं स्वच्छ होती.

सव्वातीनला भांडी उचलायला लागले. साडेतीनला चॉकलेटचं कारंजं बंद झालं. सगळ्यांची पोटं केव्हाच भरली होती, तरी कुणी उठेना. बाबा एरवी दहा मिनिटांत हात धुतात. आज पाळीचं विसरून सम्यकला कंपनीतल्या मशीनची गोष्ट सांगत होते, तीही पहिल्यापासून. आई वहिनीला म्हणाली, "तिकडं थंडी लई असती म्हणतात. पोरीला टोपी घालत जा." वहिनी हो हो म्हणत राहिली. जून महिन्यात थंडीचं काय, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. चार वाजेपर्यंत बसलो. मी घड्याळ बघितलं नाही.

४ जून, गुरुवार

सकाळी साडेसातची गाडी. बाबांनी सामान चढवलं, पीठ आणि लोणचं मांडीवर घ्यायला सांगितलं. आजी घरूनच निरोप देऊन आत जाऊन बसली होती. वहिनी माझ्या पाया पडायला वाकली. मी वयाने लहान आहे, तिचं लक्ष नसावं.

मैत्री झोपलेलीच होती. सम्यकने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आत्या, तुझा वाढदिवस कधी?"

"चौदा ऑगस्ट."

"खरा का गुरुजींचा?"

"खरा."

"मंग त्या दिवशी आम्ही येतो. तू फुकट जेव. पैसे आम्ही देतो, मी अन् मैत्री."

गाडी हलली. मी "चालेल" म्हणाले, बरंच मोठ्याने. हॉटेलवाल्यांनी ती ऑफर मंगळवारीच बंद केली आहे, हे त्याला सांगितलं नाही.